फोटोत उभी राहू का?

ताई,
मी 18 वर्षांची आहे. सहा वर्षांची असल्यापासून जिम्नॅस्टिक्स करते. परवा संघ जाहीर झाला: पाच जणी आणि दोन राखीव. मी राखीव. निवड चाचणीत माझी एकूण बेरीज चौथी होती, तरी सहाव्या नंबरच्या मुलीला संघात घेतलं. घरचे म्हणतात, निदान जायला तरी मिळतंय. माझी सगळ्यात जवळची मैत्रीण संघात आहे. सरावात बीमवरून उतरताना तिचा पाय मुरगळला. मी बर्फ आणायला धावले, पण त्याआधी क्षणभर मला आनंद झाला. खरंच झाला. तिचा पाय दोन दिवसांत बरा झाला, पण माझी झोप गेली ती गेलीच. मी इतकी वाईट आहे का? नाव मागे घेऊ का?
– ना आत, ना बाहेर
ता.क. शनिवारी संघाचा फोटो आहे. राखीव मुलींनाही बोलावलंय. जाऊ का?

प्रिय ना आत, ना बाहेर,

तुझं मूळ पत्र बरंच मोठं होतं, इथे कापून छापलंय. त्यात त्या एका क्षणाबद्दल दीड पान होतं आणि बर्फाबद्दल अर्धी ओळ. तू धावलीस. बाकीच्या मुली तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या, हेही तूच लिहिलंयस आणि लगेच पुढे गेलीयस. मला मात्र तिथून पुढे सरकता येईना.

आनंद झाला, कारण तुझी जागाच तशी आहे. दुसरीचं काही बिनसलं तरच तुझी पाळी. मनाला हा हिशोब कुणी शिकवावा लागत नाही, ते तो आपोआप मांडतं. मीही कधीतरी एका नाटकात मुख्य भूमिकेची बदली म्हणून अख्खी संहिता पाठ करून विंगेत उभी होते. बाईंना ताप भरला तेव्हा मी त्यांना गोळी नेऊन दिली आणि मनात म्हटलं, नको उतरू देत. उतरला. संवाद अजून पाठ आहेत, कुणी विचारत नाही. सांगायचं एवढंच, की असा विचार मनात येणं आणि तसं वागणं यांत फार मोठं अंतर आहे, आणि ते अंतर तू बर्फाची पिशवी घेऊन पळत पार केलंस.

हे मैत्रिणीला मात्र सांगू नकोस. पत्रात तू म्हणतेस की कबूल केलं तर हलकं वाटेल. तुला वाटेल गं, पण ते ओझं तिच्या डोक्यावर जाईल, आणि तिला त्याच डोक्याने दहा सेंटिमीटर रुंदीच्या बीमवर उलटी उडी मारायची आहे. संघाचे मानसतज्ज्ञ असतील तर त्यांना सांग. नाहीतर मला सांगितलंस तेवढं पुरे. स्पर्धा संपल्यावर, कधीतरी दोघी हसत असाल तेव्हा, वाटलं तर बोल.

आता चौथी आणि सहावी. यावर तू फार जळतेयस आणि मला वाटतं, इथे तुझं गणित थोडं चुकतंय. सांघिक अंतिम फेरीत व्हॉल्ट, बार्स, बीम आणि फ्लोअर या प्रत्येक प्रकारात संघातल्या तिघीच उतरतात आणि तिघींचेही गुण धरले जातात. एकीचा घोटाळा झाला तर तो वगळून टाकायची सोय नाही. त्यामुळे निवड समिती पहिल्या पाच मुली उचलत नाही. बार्सवर कोण, बीमवर कोण, असे चार प्रकारांत मिळून बारा रकाने भरत बसते. चारही प्रकारांत चांगली असलेली मुलगी अशा वेळी बाहेर राहू शकते आणि एकाच प्रकारात जबरदस्त असलेली आत जाते. 2016च्या रिओ ऑलिंपिकआधी अमेरिकेच्या चाचणीत मायकेला स्किनर चौथी आली आणि राखीव झाली. तिच्या मागे राहिलेली मॅडिसन कोशन संघात गेली, कारण अमेरिकेला बार्सवर माणूस हवं होतं. कोशनने रिओत बार्सचं वैयक्तिक रौप्यही मिळवलं. समितीचं चुकलं नव्हतं. स्किनरला लागायचं ते लागलंच असणार. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. तुझ्या बाबतीत समिती बरोबर होती की नाही, हे मला इथे बसून सांगता येणार नाही. पण प्रशिक्षकांना 'मला का नाही घेतलं' असं विचारण्यापेक्षा 'माझ्या कुठल्या प्रकाराचे गुण रकान्यात बसले नाहीत' असं विचार. पहिल्या प्रश्नाला सांत्वन मिळतं, दुसऱ्याला उत्तर.

नाव मागे घेण्याचं म्हणशील, तर शरीर दुखावलेलं असेल किंवा झोप अशीच उडालेली राहिली, तर जरूर घे, आणि लवकर घे, म्हणजे दुसऱ्या कुणाला तयारीला वेळ मिळेल. पण केवळ अपमान वाटतो म्हणून घेणार असशील, तर थांब.

राज भावसार हे नाव ऐकलंयस? अमेरिकेचा जिम्नॅस्ट, मूळ भारतीय कुटुंबातला. 2004च्या अथेन्स ऑलिंपिकला राखीव. चार वर्षं घाम गाळून 2008च्या बीजिंगला पुन्हा राखीव! मग हाताच्या दुखापतीमुळे पॉल हॅमने माघार घेतली आणि भावसार आत गेला. पाठोपाठ पॉलचा जुळा भाऊ मॉर्गन घोट्यामुळे बाहेर पडला आणि अलेक्झांडर आर्टेमेव्ह हा दुसरा राखीवही आत गेला. त्या संघाने कांस्य जिंकलं, आणि शेवटच्या फेरीत पॉमेल हॉर्स या पुरुषांच्या प्रकारात सगळ्यात शेवटी उतरून ते पदक राखलं या आर्टेमेव्हनेच. गोष्ट सुंदर आहे, पण तुला आशा लावायला सांगत नाहीये. बहुतेक राखीव खेळाडू सराव करतात, बाकावर बसतात आणि घरी येतात. पदक त्यांच्या गळ्यात पडत नाही. भावसार तयार होता, एवढंच त्याच्या हातात होतं. हॅमचा हात त्याच्या हातात नव्हता.

तुझी खरी दमछाक इथेच होतेय. तू तयारीही करतेयस आणि वाटही बघतेयस. पहिलं तुझं काम आहे, दुसरं कुणी तुला सांगितलेलं नाही. वाट बघणारी मुलगी दिवसभर मैत्रिणीच्या घोट्याकडे बघते. तयारी करणारीला स्वतःचं लँडिंग बघायचं असतं. आणि वाट बघायला निदान एक शेवटची तारीख असावी, म्हणून उद्याच जाऊन विचार: बदली कुठल्या क्षणापर्यंत करता येते? एकदा स्पर्धा सुरू झाली की राखीव मुलगी आत येत नाही. 2021च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये सांघिक अंतिम फेरीत व्हॉल्टनंतर अमेरिकेची सिमोन बाइल्स बाहेर पडली, तेव्हा राखीव मुलींचा काही उपयोग नव्हता. चौघींच्या संघातल्या उरलेल्या तिघींनीच बार्स, बीम आणि फ्लोअर पूर्ण केलं. जॉर्डन चाइल्स तर यादीत नसताना बार्स आणि बीमवर उतरली. रौप्य मिळालं. म्हणजे ती वेळ टळून गेली की तुझी राखीव म्हणून नोकरी संपली. त्यानंतर तू प्रेक्षक आहेस, मैत्रीण आहेस, पॉपकॉर्न खा.

आणखीही विचार. राहायचं संघाबरोबर की वेगळं? मुख्य मंचावर सराव मिळेल का? कुणाच्या जागी मला धरलंय, कुठल्या दोन प्रकारांवर जास्त भर देऊ? विचारायला संकोच वाटेल, पण गृहीत धरून तिथे पोहोचलीस आणि वेगळ्या हॉटेलात एकटी पडलीस तर त्याचा त्रास जास्त. आणि प्रशिक्षकांना म्हण, मला एक खोटी स्पर्धा द्या. गणवेश घालून, पंच बसवून, एकाच प्रयत्नात चारही प्रकार. संघातल्या मुलींची मेहनत स्पर्धेच्या दिवशी कुठेतरी उतरते, तुझी अंगातच साठून राहील. तिला एक दिवस दे.

पुढची स्पर्धाही आत्ताच ठरवून ठेव. टोकियोच्या राखीव मुलींमध्ये लिआन वाँग आणि कायला डिचेलो होत्या. वाँगच्या सोबतच्या राखीव मुलीला कोविड निघाला आणि तिच्या संपर्कात आल्यामुळे वाँगला विलगीकरणात बसावं लागलं. ऑलिंपिक असं गेलं! त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानमध्येच, कीताक्यूशूला, जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सर्वसाधारण प्रकारात, म्हणजे चारही प्रकारांच्या बेरजेत, वाँगला रौप्य आणि डिचेलोला कांस्य. टोकियोचा संघ तिथे नव्हता हे खरं, म्हणून जागा होत्या. पण त्या दोघी तेव्हा सरावात होत्या. आणि वर उल्लेख केला ती स्किनर? टोकियोला वैयक्तिक खेळाडू म्हणून गेली, व्हॉल्टच्या पात्रता फेरीत चौथी आली, आणि एका देशाच्या दोघीच अंतिम फेरीत जाऊ शकतात म्हणून पुन्हा बाहेर. मग बाइल्सने तिथूनही माघार घेतली, स्किनर आत गेली आणि रौप्य घेऊन आली. त्या मुलीचं आणि चौथ्या नंबरचं काहीतरी होतं, नक्की.

'निदान जायला तरी मिळतंय' म्हणणाऱ्यांशी वाद घालू नकोस. त्यांना काय बोलावं ते सुचत नाहीये, एवढंच. एक वाक्य तयार ठेव: 'राखीव आहे, तयारी चालू आहे.' आणि विषय बदल. आईला मात्र खरं सांग, की मला वाईट वाटतंय आणि दोन दिवस वाटू दे. तिलाही वाटत असणार. कदाचित तुझ्यासमोर रडायचं नाही म्हणूनच तिच्या तोंडून ते 'निदान' निघालं असेल.

ता.क.चं उत्तर: जा. फोटोग्राफर सांगेल तिथे उभी राहा, आणि त्याने काहीच सांगितलं नाही तर मैत्रिणीच्या शेजारी. केस घट्ट बांध, तुझी बट सुटते असं तूच लिहिलंयस.

– ताई