बावीस टक्के

प्रिय मुली,

प्रभूमध्ये सलाम.

तुझे पत्र दोनदा वाचले. स्वानानोआच्या ज्या पूरग्रस्त घराची तुमचा गट दुरुस्ती करत होता, तिथे शेवटच्या दिवशी तू भिंतीच्या तळाच्या लाकडात ओल मोजायच्या मीटरच्या सुया खुपसल्यास, आकडा बावीस टक्के आला, तो तू गटप्रमुखांना दाखवलास, आणि ते म्हणाले, "आजी नऊ महिने वाट पाहताहेत, ड्रायवॉल लावून टाक." तू त्या जिप्समच्या पाट्या लाकडांवर ठोकून भिंत बंद केलीस. आता मला विचारतेस की सेवेच्या कामात एवढा काटेकोरपणा म्हणजे गर्व तर नव्हे. नव्हे. लाकडातली ओल पंधरा-सोळा टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय भिंत बंद करायची नाही, आणि यात वयाला, हुद्द्याला किंवा प्रार्थनेला सवलत नाही.

हेलीन वादळ 26 सप्टेंबर 2024 च्या रात्री फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळले, पण नॉर्थ कॅरोलिनातले ते डोंगरातले गाव समुद्राने नव्हे, पावसाने फुगलेल्या नदीने बुडवले. नदीचा गाळ घराखालच्या पोकळीत शिरतो आणि आपल्यासारखे लोक वरच्या खोल्या धुऊन, पुसून, रंगवून परत जातात. खाली वाकून कोणी पाहिले होते का, हे तू लिहिलेले नाहीस. पाहिले नसेल, तर तो बावीसचा आकडा कुठून आला हे तुला आता कळले असेल.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. कतरिना वादळ 29 ऑगस्ट 2005 ला आले आणि पुढच्या मार्चमध्ये मी आमच्या मंडळीची चौदा माणसे घेऊन न्यू ऑर्लिन्सच्या शेजारी, शालमेटला गेलो होतो. एका वृद्ध बाईंचे घर आमच्याकडे आले. त्या अंगणातल्या सरकारी ट्रेलरमध्ये राहत होत्या आणि रोज सकाळी चिकरी घातलेली कडू कॉफी घेऊन दारात उभ्या राहत. मंगळवारी आम्ही उघडी लाकडे ब्लीचच्या पाण्याने धुतली आणि शुक्रवारी त्यांवर ड्रायवॉल ठोकले. म्हणजे बुरशी मारण्यासाठी जे पाणी ओतले, तेच आम्ही भिंतीत कोंडले. मीटर पेटीत होते. ते बाहेर काढावे, असे एका कॉलेजातल्या मुलाने दोनदा सुचवले, तेव्हा मी त्याला म्हणालो की विश्वास ठेव.

वर्षभराने मी एकटाच पुन्हा गेलो. दार उघडताच वास आला. पलंगामागच्या भिंतीवर, जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत, तीळ सांडावेत तसे काळे ठिपके होते. बाईंनी एका शब्दाने दोष दिला नाही. कॉफी मात्र तशीच कडू करून दिली.

माझी बाजूही ऐक. शनिवारी सकाळचे विमान होते, त्या महिन्यात तिथे सुतार मिळत नव्हता, आणि आम्ही भिंती उघड्या टाकून निघालो असतो तर पुढचा गट कधी येईल, हे कोणीच सांगू शकत नव्हते. शिवाय बाईंनी स्वतःच माझा हात धरून विचारले होते की या घरात त्यांना कधी झोपता येईल. अशा वेळी नाही म्हणणे किती कठीण असते, ते घरी बसून चुका काढणाऱ्यांना कळत नाही. हे सगळे मी इतकी वर्षे स्वतःला सांगत आलो आहे आणि त्यातले एकही वाक्य खोटे नाही. पण त्या खोलीचा पूर्ण झालेला फोटो मला घरी न्यायचा होता, हेही तितकेच खरे आहे. ती भिंत मी बंद करायला नको होती.

खडकावरच्या घराचा दाखला तुला सांगत बसत नाही, तो तुला पाठ आहे. त्याऐवजी बायबलातल्या लेवीय पुस्तकाचा 14 वा अध्याय उघड. रविवारी तो अध्याय आपल्याकडे सहसा कोणी वाचत नाही. घराच्या भिंतीवर हिरवट किंवा तांबूस डाग दिसला, तर याजक घर सात दिवस बंद करतो, परत येऊन पाहतो, डाग पसरला असेल तर दगड काढवतो, गिलावा खरवडवतो आणि त्यानंतर पुन्हा पाहतो. घाई कुठेच नाही. आपल्या सहलीची मुदत सात दिवसांची, आणि त्याची तर पहिली तपासणीच सात दिवसांनी पुरी होते!

तेव्हा मन खात बसू नकोस, ते मी तुझ्यापेक्षा जास्त केले आहे आणि त्याने भिंत वाळत नाही. आजच तिथल्या समन्वयकांना लिही: कोणती खोली, कोणती भिंत, आकडा बावीस. गटप्रमुखांचे नाव घालण्याची गरज नाही. आधी घराखाली उतरून गाळ पाहायला सांग. मग तळपट्टी काढून तिच्यामागे दोन बारीक भोके पाडली, तर मीटरच्या सुया आत जातात आणि पट्टी परत बसली की भोके दिसत नाहीत. आकडा अजून वर असेल, तर खालचे दोन फूट ड्रायवॉल कापून काढावे लागेल आणि आतले लाकूड वाळेपर्यंत भिंत तशीच उघडी ठेवावी लागेल. आजी रागावतील, त्यांना रागावू दे.

त्यांच्याकडे मीटर नसेल तर मला कळव. माझे अजून त्याच पेटीत आहे, मी नव्या बॅटऱ्या घालून पाठवतो.

तुझा,
काका