पीटी-एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते पाहणाऱ्या तपासण्या) नॉर्मल आलं, म्हणजे मुलीला रक्तस्रावाचा आजार नाही ना?

तसं समजू नका. सौम्य फॉन विलेब्रँड आजारात (यात रक्त थांबवायला मदत करणारं एक प्रथिन कमी किंवा सदोष असतं) किंवा प्लेटलेटच्या कामातल्या दोषात हे दोन्ही रिपोर्ट बऱ्याचदा नॉर्मल येतात, म्हणून आधीच्या रक्तस्रावाची नीट चौकशी महत्त्वाची. ‘पाळीत जास्त जातं का?’ याला बायका हमखास म्हणतात, ‘आमच्याकडे सगळ्यांनाच जातं.’ पण आजार आनुवंशिक असेल, तर आई-मावशीलाही तोच असू शकतो! म्हणून डॉक्टरांना मोजता येईल असं सांगा:

- पाळी 7 दिवसांपेक्षा जास्त चालते का, दोन तासांच्या आत पॅड भिजतं का, मोठ्या गुठळ्या पडतात का
- घोळणा फुटल्यावर 10 मिनिटं नाक दाबूनही रक्त वाहतं का
- दात काढल्यावर किंवा ऑपरेशननंतर रक्त थांबेना, असं झालंय का
- तेव्हा अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन अशी रक्तस्राव वाढवू शकणारी औषधं चालू होती का

यावरून गुण मांडतात. आयएसटीएच-बॅट या रक्तस्रावाला गुण देण्याच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत प्रौढ स्त्रीला 6, पुरुषाला 4, मुलांना 3 किंवा जास्त गुण आले, तर पुढच्या तपासण्या करायच्या. मात्र पाळी नुकतीच सुरू झालेल्या, कधी दातही न काढलेल्या मुलीचे गुण कमीच भरतात. घरात कुणाला असा त्रास असेल, तर कमी गुणांवर विसंबू नका, रक्तविकारतज्ज्ञांना दाखवाच.