गावचं पोस्ट : मु. पो., अंगठा आणि पासबुक

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या वाचकांनी गावच्या पोस्टमनच्या कामाविषयी पाठवलेल्या प्रश्नांपैकी पाच प्रश्न आणि त्यांची उत्तरं.

आमच्या गावात पोस्ट नाही, शेजारच्या गावाहून पोस्टमन येतो. मुलाच्या मुलाखतीचं पत्र 'पत्ता अपुरा' असा शेरा पडून परत गेलं. नाव, मु. पो., तालुका, जिल्हा, पिन सगळं लिहिलं होतं. चुकलं कुठे? (वाचक, खानापूर तालुका)

'मु. पो.' मध्येच. मुक्काम आणि पोस्ट एकाच गावी असेल तरच ही दोन अक्षरं जोडून लिहायची. तुमचा मुक्काम एका गावी, पोस्ट दुसऱ्या गावी. तेव्हा 'मु.' पुढे आपलं गाव आणि 'पो.' पुढे पोस्टाचं गाव, अशी दोन्ही नावं हवीत. पिन बरोबर असला तरी तो पत्र फक्त वाटपाच्या मोठ्या पोस्टापर्यंत आणतो. ५९१३०२ हा पिन एकट्या खानापूर शहराचा नाही, आसपासच्या अनेक शाखा पोस्टांचाही तोच आहे. तिथून पत्र कोणत्या शाखेच्या थैलीत पडायचं ते 'पो.' पुढच्या नावावर ठरतं. जुना जाणता माणूस गावाचं नाव वाचूनच योग्य थैलीत टाकतो, म्हणून इतकी वर्षं चुकीचं लिहूनही टपाल पोचत होतं. तो रजेवर गेला की पत्र अडकतं.

नावाचंही तसंच. मारुती गल्ली गावागावात असते आणि एका गल्लीत एकाच नावाचे दोन-तीन पाटील निघतात. वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर नंबर आणि मोबाइल नंबर लिहाच. ऑनलाइन अर्जात गल्ली पहिल्या ओळीत आणि मु., पो. दुसऱ्या ओळीत घाला, कारण लांबलेली ओळ छापताना शेपटाकडून तुटते. सीमाभागात तालुका गाळणं तर महागात पडतं. बस्तवाड बेळगाव तालुक्यातही आहे आणि कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातही. एकाचा पिन ५ ने सुरू होतो, दुसऱ्याचा ४ ने. पहिला आकडा चुकला तर पत्र थेट दुसऱ्या राज्याच्या टपालात जातं.

पत्ता मराठीत जरूर लिहा. पण गाव, पोस्ट, तालुका हे तीन शब्द खाली कन्नड किंवा इंग्रजीतही लिहा. कर्नाटकात ग्रामीण डाक सेवकांच्या, म्हणजे गावच्या पोस्टमनच्या, भरतीसाठी कन्नड ही स्थानिक भाषा धरतात आणि निवड दहावीच्या गुणांवर होते. त्यामुळे नव्याने आलेल्याला मराठी वाचता येईलच असं नाही. त्यात त्याचा दोष नाही आणि आपलं पत्र अडायचंही कारण नाही.

आई आयुष्यभर विड्या वळत आली. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे पैसे काढायला पोस्टमन मशीन घेऊन येतात, पण तिचा अंगठा उठत नाही. एकदा तर पैसे खात्यातून गेले आणि हातात आलेच नाहीत. (वाचक, निपाणी)

विड्या वळणाऱ्या आणि तंबाखूत काम करणाऱ्या बायकांच्या बोटांच्या रेषा झिजून गुळगुळीत होतात. खानापूर भागात भाताच्या लावणीत बोटं पाण्याने सुरकुततात आणि महिनाभर तीच गत होते. आधी कोमट पाण्याने हात धुऊन कोरडे पुसा. त्वचा फारच रुक्ष असेल तर खोबरेल तेलाचा थेंब चोळून लगेच पुसून टाका, तेल राहिलं तर काच पुसट होते. मशीनची काचही सुती फडक्याने पुसून घ्यायला सांगा. बोटाचं टोक टेकवू नका. मधला फुगीर भाग सपाट ठेवून बेताचा दाब द्या. जोरात दाबलं की रेषा चेपतात. आणि अंगठ्याचाच हट्ट नको. आधारमध्ये दहाही बोटं नोंदवलेली असतात. विडी वळताना कमी घासलं जाणारं अनामिकेचं किंवा डाव्या हाताचं बोट पुष्कळदा पहिल्या झटक्यात उठतं. एकही बोट उठत नसेल तर आधार केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतील, ते काम पोस्टमनच्या मशीनवर होत नाही.

आता पैशांचं. बोट ठेवून मशीनने 'यशस्वी' म्हटलं की तो व्यवहार पुरा झाला. पुन्हा बोट ठेवलं तर तो नवा व्यवहार, खात्यातून दुसऱ्यांदा पैसे जातात. म्हणून आधीच्या वेळी काय झालं याची पावती किंवा मेसेज पाहिल्याशिवाय दुसरं बोट ठेवू नये. पैसे गेले आणि हातात पडले नाहीत, याचं कारण बहुतेकदा मधेच तुटलेली रेंज. रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या परिपत्रकानुसार असे पैसे पाच दिवसांत परत जमा व्हायला हवेत, उशीर झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाई. तक्रार ज्या बँकेत खातं आहे तिथे करा आणि व्यवहाराची तारीख, वेळ व रक्कम सांगा. खातं इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेचंच असेल तर १५५२९९ वर फोन करा.

'पैसे आलेच नाहीत' अशीही पत्रं आहेत. पासबुक असलेल्या सगळ्या खात्यांत अनुदान येत नाही. आधार ज्या बँकेला शेवटी जोडलं, त्याच खात्यात येतं. पोस्टमनकडे नवं खातं उघडताना आधार जोडायला होकार दिला असेल तर पैसे आता तिथे असतील. मशीनवर शिल्लक पाहून घ्या. जमाखर्च बोटाच्या ठशावर चालतो, म्हणून पोस्टमन ओळखीचा असला तरी रक्कम मशीनवर वाचून दाखवायला सांगायचीच.

दरमहा ५०० रुपयांची आर.डी. आहे. पासबुक पोस्टमास्तरांकडेच असतं. चालेल का? (वाचक, बेळगाव तालुका)

चालणार नाही. पासबुक तुमच्या घरी हवं. पैसे भरताना नोंद, तारखेचा शिक्का, सही आणि शिल्लक हे चारही तिथल्या तिथे पाहा आणि मशीनची पावतीही घ्या. पासबुकात हाताने लिहिलेली नोंद आहे पण मशीनची पावती नाही, तर पैसे खात्यात गेले याचा पुरावा अपुरा पडतो. मोबाइल नंबर खात्याला जोडून घ्या म्हणजे मेसेज येतो. काही कामासाठी पासबुक पोस्टात ठेवावं लागलं तर छापील पावती घ्यायची. वर्षातून एकदा तालुक्याच्या किंवा जवळच्या मोठ्या पोस्टात नेऊन शिल्लक ताडून पाहा. याला अविश्वास समजू नका, प्रामाणिक पोस्टमास्तरालाही यातून संरक्षण मिळतं. एक हप्ता चुकला तर १०० रुपयांमागे १ रुपया दंड, चारपेक्षा जास्त चुकले की खातं खंडित होतं.

वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून निवृत्त. घरी येऊन हयातीचा दाखला काढला, तरी पेन्शन थांबली. (वाचक, चिकोडी तालुका)

संरक्षण खात्याच्या 'स्पर्श' या ऑनलाइन पेन्शन व्यवस्थेतून पेन्शन येत असेल तर दाखला काढताना पेन्शन देणारी संस्था म्हणून बँक निवडणं ही नेहमीची चूक आहे. मंजुरी देणारी संस्था 'डिफेन्स – पीसीडीए (पी) अलाहाबाद' आणि पेन्शन वाटणारी 'स्पर्श – पीसीडीए (पेन्शन्स) अलाहाबाद' निवडायची. आधार, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर, खाते नंबर आणि मोबाइल जवळ ठेवा. पोस्टमनचं शुल्क ७० रुपये आहे. 'प्रमाण आयडी' चा, म्हणजे दाखल्याच्या क्रमांकाचा, मेसेज म्हणजे अर्ज तयार झाला एवढंच, दाखला स्वीकारला की नाही ते 'स्पर्श' वर पाहावं लागतं. चुकीच्या नोंदीचा दाखला दुरुस्त होत नाही, पुन्हा नवा काढा.

आमच्याकडे पोस्टमन दुपारनंतर का येत नाही? (वाचक, जांबोटी भाग)

शाखा पोस्टाची वेळ दिवसाला चार-पाच तासांचीच असते आणि ग्रामीण डाक सेवक हा पूर्णवेळ सरकारी नोकर नाही. त्यात थैली एसटीने यायची, म्हणजे पावसाळ्यात रस्ता बंद पडला की टपालही थांबलं. घर बंद दिसल्यास नोंदीचं टपाल साधारण सात दिवस पोस्टात राहतं, मग परत जातं. पासपोर्ट तर अर्जदाराच्याच हाती, ओळखपत्र पाहून देतात. तो येणार असेल तर तेरा खुणांचा ट्रॅकिंग नंबर (पुढे दोन इंग्रजी अक्षरं, मधे नऊ आकडे, शेवटी 'आयएन') तपासत राहा आणि गावाला जाणार असाल तर शाखेत आधीच सांगून ठेवा.