पेकिंग विद्यापीठ : अर्जाआधी काय पाहावे?

प्रश्न : मुलगी यंदा इतिहासात बीए होईल. बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठात एमए करायचे म्हणते. चिनी येत नाही. एजंट सांगतो, पदवीवर अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचा सरकारी शिक्का) घेतले की झाले. खरे का?
— एक पालक, डिचोली

उत्तर : अपोस्टिलचे आधी सांगतो, कारण महिने तिथेच वाया जातात. चीनमध्ये अपोस्टिल करार नोव्हेंबर २०२३ पासून लागू झाला, पण भारत आणि चीन यांच्यात तो लागू नाही. तेव्हा प्रमाणित कागद मागितले तर जुनाच मार्ग : राज्य सरकारचे साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचे, शेवटी चिनी वकिलातीचे. क्रम चुकला की कागद परत येतो. गुणपत्रिकेत ‘प्रभु देसाई’ आणि पासपोर्टवर ‘प्रभुदेसाई’ असे असेल तर ते सगळ्यात आधी दुरुस्त करून घ्या.

आता भाषा. तिथले बहुतेक वर्ग चिनीतून चालतात. चिनी न येणाऱ्यासाठी याच विद्यापीठातली येन्चिंग अकादमी पाहावी. २०१४ साली स्थापन झालेल्या या अकादमीत चीन-अभ्यासाचे एमए इंग्रजीतून, पूर्ण शिष्यवृत्तीसह होते. चुरस फार असते. ते न जमल्यास आधी भाषा शिकावी लागेल. मात्र एचएसके या चिनी भाषेच्या परीक्षेचा निकाल प्रवेशासाठी दोनच वर्षे धरतात, म्हणून ती घाईने देऊन ठेवू नये.

इतिहासाच्या विद्यार्थिनीला ही जागा खरोखर मोलाची आहे. १८९८ साली शाही विद्यापीठ म्हणून सुरुवात, १९१९ च्या ‘चार मे’ या साम्राज्यवादविरोधी चळवळीत इथले विद्यार्थी आघाडीवर, आणि १९५२ पासून आजचे वेइमिंग तलावाकाठचे आवार. तलावाशेजारचा पॅगोडा मुळात पाण्याची टाकी आहे! इथला पौर्वात्य भाषांचा विभाग १९४६ साली जी श्यानलिन यांनी उभारला. वाल्मीकिरामायण चिनीत आणणारे तेच. त्यांचे सहकारी जिन केमू सारनाथला पाली-संस्कृत शिकले ते आपल्या साखवाळच्या धर्मानंद कोसंबींकडे. अर्जासोबतच्या निबंधाला यापेक्षा चांगला विषय गोव्याच्या मुलीला कुठला मिळणार?

प्रश्न : प्रवेश मिळाल्यावर पुढे काय?
— तेच पालक

उत्तर : प्रवेशपत्र आणि विद्यापीठाकडून येणारा जेडब्ल्यू २०१ किंवा २०२ हा व्हिसासाठीचा फॉर्म दाखवून ‘एक्स १’ म्हणजे दीर्घ मुदतीचा विद्यार्थी व्हिसा काढावा. फॉर्म आणि वैद्यकीय तपासणीचे मूळ कागद हातातल्या पिशवीत ठेवावेत, कारण पोहोचल्यापासून ३० दिवसांत निवास परवान्यासाठी तेच लागतात. वसतिगृहाबाहेर उतरल्यास २४ तासांत पोलिसांकडे नोंद करावी लागते. हॉटेल ती स्वतः करते, ओळखीच्यांच्या घरी राहिल्यास आपण जायचे.