जबड्याचं ऑपरेशन 'दातांचं' म्हणून क्लेम नाकारला

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी कराडजवळ माझ्या मुलाच्या (वय २६) मोटारसायकलला टेम्पोने धडक दिली. त्याचा खालचा जबडा दोन ठिकाणी मोडला, एक हनुवटीपाशी आणि एक कानाजवळच्या सांध्यात. पुढचे दोन दातही पडले. एमडीएस (दंतवैद्यकातली पदव्युत्तर पदवी) झालेल्या ओरल सर्जनने प्लेट-स्क्रू बसवले. मुलगा पाच दिवस हॉस्पिटलमध्ये होता, बिल १ लाख ८७ हजार झालं. मेडिक्लेम कंपनीने क्लेम फेटाळला. 'दंतोपचार पॉलिसीत बसत नाहीत आणि उपचार करणारे डॉक्टर पॉलिसीतल्या व्याख्येप्रमाणे मेडिकल प्रॅक्टिशनर नाहीत' असं त्यांचं म्हणणं. मुलगा कॉल सेंटरमध्ये आहे, त्याला अजून स्पष्ट बोलता येत नाही. टेम्पोमालक ५० हजार देतो म्हणतो आणि स्टँपपेपरवर सही मागतो. आम्ही काय करावं?

उत्तर : ताई, सगळ्यात आधी, त्या स्टँपपेपरवर मुलाला सही करू देऊ नका. 'आता काही मागणं राहिलं नाही' असं लिहिलेला कागद पुढे टेम्पोची विमा कंपनीच तुमच्यासमोर धरेल.

आता मेडिक्लेम. कंपनीने दोन कारणं दिली आहेत, दोन्ही वेगवेगळी खोडायची आहेत.

पहिलं कारण 'दंतोपचार'. पॉलिसीचं पुस्तक उघडून वगळलेल्या उपचारांची यादी वाचा. दातांचे उपचार वगळले असतील, तर बहुतेक पॉलिसींत त्याच वाक्यात पुढे 'अपघातामुळे दाखल व्हावं लागल्यास सोडून' अशा अर्थाची सूट असते. नकाराच्या पत्रात अर्धंच वाक्य उतरवलेलं असतं, हा नेहमीचा अनुभव. शिवाय प्रमाणित व्याख्येप्रमाणे दंतोपचार म्हणजे दात आणि दातांना आधार देणारे भाग यांवरचे उपचार. हनुवटीजवळच्या हाडात दात रुतलेले असतात, तिथे कंपनी वाद घालू शकते. कानापुढच्या सांध्यापाशी एकही दात नसतो. म्हणून सर्जनच्या दाखल्यात दोन्ही फ्रॅक्चर नेमकी कुठे होती, हे स्वतंत्रपणे लिहून घ्या आणि सीटी स्कॅनचा रिपोर्ट सोबत जोडा.

डिस्चार्ज समरीवरचा रोगनिदानाचा कोडही बघा. खालच्या जबड्याच्या फ्रॅक्चरचा आंतरराष्ट्रीय कोड एस ०२.६ आहे. दात-हिरड्यांच्या आजारांचे कोड 'के' अक्षराने सुरू होतात. ओरल सर्जनच्या केसवर बिलिंग काउंटरवरून सवयीने 'के' कोड पडला, की टीपीएच्या (विमा कंपनीसाठी क्लेम तपासणाऱ्या संस्थेच्या) टेबलावर ती दाताचीच केस होते. तसं झालं असेल तर हॉस्पिटलकडून सही-शिक्क्याची दुरुस्त समरी घ्या. मूळ कागदावर खाडाखोड मात्र करू देऊ नका, त्याने संशय वाढतो.

दुसरं कारण जास्त चिवट आहे. पॉलिसीत मेडिकल प्रॅक्टिशनर म्हणजे मेडिकल कौन्सिलकडे नोंदणी असलेला डॉक्टर. ओरल सर्जनची नोंदणी राज्याच्या डेंटल कौन्सिलकडे असते, म्हणून शब्दशः पाहिलं तर कंपनीला बोट ठेवायला जागा आहे. याचं उत्तर दंतवैद्यक कायदा, १९४८ मध्ये आहे. त्यातल्या कलम २(ड) मधली दंतवैद्यकाची व्याख्या माणसाच्या दातांवर 'किंवा जबड्यांवर' शस्त्रक्रिया करण्यापर्यंत जाते. जबड्याचं ऑपरेशन करण्याचा अधिकार या सर्जनला संसदेच्या कायद्याने दिला आहे. अपघातातल्या दंतोपचाराला सूट द्यायची आणि तो करणारा डॉक्टर व्याख्येतूनच वगळायचा, असा अर्थ काढला तर ती सूट कागदावरच राहते. संदिग्ध अट ज्याने लिहिली त्याच्याविरुद्ध वाचायची, हे विमा-करारांत न्यायालयांनी वारंवार सांगितलं आहे. मुलाला एखाद्या एमडी किंवा एमएस डॉक्टरच्या नावाने दाखल केलं असेल, भूल एमडी डॉक्टरने दिली असेल, तर ते दाखवणारे इंडोर केसपेपर जरूर काढून घ्या.

सर्जनचा पाच ओळींचा गोळीबंद दाखला पुरतो : अपघाताची तारीख, फ्रॅक्चरच्या जागा, पूर्ण भूल देऊन टायटॅनियमच्या प्लेट बसवल्या हे, हॉस्पिटलमध्ये दाखल करणं का भाग होतं, आणि ही शोभेसाठी केलेली शस्त्रक्रिया नाही हे. शेवटची ओळ 'कॉस्मेटिक' हा पुढचा आक्षेप आधीच बुजवते. कॉस्मेटिक सर्जरी वगळणाऱ्या प्रमाणित अटीतच अपघातानंतरच्या पुनर्रचनेला सूट आहे.

हे सगळं जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल करा. नकार कोणत्या कलमाखाली दिला आणि क्लेम रिव्ह्यू कमिटीची मंजुरी होती का, हे विचारा. विमा नियामक आयआरडीएआयच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार या मंजुरीशिवाय क्लेम फेटाळता येत नाही. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. त्यासाठी मुदत एक वर्ष आहे, फी नाही आणि वकीलही लागत नाही (माझ्या धंद्याला हे मारक, पण खरं आहे). पॉलिसी ज्याच्या नावावर आहे त्याने स्वतः अर्ज करायचा. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही आहे, मुदत दोन वर्षांची. पण दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही. इतक्या रकमेसाठी मी आधी लोकपालच निवडेन.

दोन दातांच्या इम्प्लांटचा खर्च मेडिक्लेममधून मिळेल, अशी आशा धरू नका. हे काम जबडा जुळल्यावर काही महिन्यांनी बाह्यरुग्ण म्हणून होतं आणि तोवर डिस्चार्जनंतरच्या खर्चाची मुदत बहुधा संपलेली असते. त्याची जागा टेम्पोविरुद्धच्या, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातल्या दाव्यात आहे. तिथे तुमचे दोनच महिने उरलेत, कारण १ एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६(३) मध्ये अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. पोलिसांचा अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे जायला हवा, पण त्यावर विसंबून राहू नका. स्वतःचा अर्ज लावा. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तो चालतो. उपचार संपण्याची वाट बघू नका, इम्प्लांटचं लेखी एस्टिमेट जोडा.

टेम्पोची विमा कंपनी त्याच कायद्याच्या कलम १६४ खाली अडीच लाख देऊ करेल. गंभीर दुखापतीला ही ठराविक रक्कम चूक सिद्ध न करता मिळते, पण ती स्वीकारली की १६६ खालचा दावा संपतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत घाई नको, कारण त्याची कमाई बोलण्यावर आहे. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या २०१० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की, शरीराचं अपंगत्व किती टक्के यापेक्षा त्या माणसाच्या कामावर किती परिणाम झाला हे बघायचं. मात्र त्याच निकालाप्रमाणे भविष्यातली कमाई आणि पुढचे उपचार यांची भरपाई ठोस वैद्यकीय पुराव्याशिवाय मिळत नाही. म्हणून प्रत्येक तपासणीला सर्जनकडून तोंड किती मिलिमीटर उघडतं, चावा जुळतो का, खालचा ओठ आणि हनुवटी बधिर आहे का, हे केसपेपरवर लिहून घ्या. उच्चारांसाठी स्पीच थेरपिस्टचा रिपोर्ट घ्या आणि रजेचं, पगारकपातीचं पत्र तो काम करतो त्या कंपनीकडून मिळवा. पुढे सर्जनला साक्षीला यावं लागेल, त्यांना आताच कल्पना द्या.

एफआयआर तपासा. हाड किंवा दात मोडणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे गंभीर दुखापत आहे. पहिल्या तासाच्या एमएलसीत (हॉस्पिटलने पोलिसांसाठी केलेल्या नोंदीत) 'साधी दुखापत' लिहिलं गेलं असेल, तर सीटी रिपोर्ट तपास अधिकाऱ्याला देऊन पोच घ्या आणि कलम १२५(ब) लावायला सांगा.

मेडिक्लेमचे पैसे मिळाले म्हणून ते न्यायाधिकरणाच्या भरपाईतून वजा होत नाहीत. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये तसा निकाल दिला आहे. मूळ बिलं टीपीएकडे गेली असतील, तर क्लेम फेटाळल्याच्या आधारे ती परत मागा, निदान त्यांच्या शिक्क्याच्या प्रती घ्या. न्यायाधिकरणात साध्या झेरॉक्सवर बिलं सिद्ध करताना नाकी नऊ येतात.