वाचकांचे प्रश्न : फिलिपिन्सच्या चित्रपट्ट्या

मागील अंकातील आशियाई हास्यचित्रांवरच्या टिपणात, जपानी मंगापेक्षा (म्हणजे जपानी चित्रकथांपेक्षा) फिलिपिन्सच्या चित्रपट्ट्या, म्हणजे कॉमिक स्ट्रिप, मला अधिक जवळच्या वाटतात, असे विधान मी केले होते. त्यावर बरीच पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्न येथे घेत आहे.

प्रश्न : फिलिपिन्समध्ये चित्रपट्टीची परंपरा आहे, हेच आम्हाला ठाऊक नव्हते. ती अमेरिकनांनी तेथे नेली असे समजावे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अमेरिकनांचा वाटा मोठा आहे, मात्र सुरुवात त्यांच्या आधीची आहे, आणि ती एखाद्या व्यंगचित्रकाराने नव्हे, तर फिलिपिन्सचे राष्ट्रपुरुष होसे रिझाल यांनी केली. 1885 मध्ये पॅरिसमध्ये असताना त्यांनी एका स्नेही कुटुंबातील बाईंच्या वहीत माकड आणि कासव यांची लोककथा चित्रांतून उतरवली. दोघांना सापडलेल्या केळीच्या रोपाची वाटणी होते, तेव्हा हावरे माकड पानांचा हिरवागार शेंडा पळवते आणि कासवाच्या वाट्याला मुळांचा बुंधा येतो. शेंडा वाळतो, बुंधा फळतो. घड काढायला वर चढलेले माकड सगळी केळी एकट्याने खाते, म्हणून कासव झाडाच्या बुडाशी काटे पेरून ठेवते. पुढे माकड त्याला पकडते तेव्हा, ‘काय वाटेल ते कर, पण पाण्यात तेवढे टाकू नकोस,’ अशी गयावया करून कासव नेमके पाण्यातच जाऊन पडते. वसाहतीच्या राज्यात वाढलेल्या माणसाला ही गोष्ट का रेखाटावीशी वाटली असेल, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

छापील चित्रपट्टीचा खरा जम बसला तो 11 जानेवारी 1929 पासून. त्या दिवशी ‘लिवायवाय’ या टागालॉग (फिलिपिन्सची एक प्रमुख भाषा) साप्ताहिकात केन्कॉय अवतरला. चित्रे टोनी वेलास्केझ यांची, मजकूर रोमुआल्दो रामोस यांचा. वेलास्केझ तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते. चापून बसवलेले चकचकीत केस, ढगळ विजार, पायांत चकाकते बूट आणि तोंडात मोडकेतोडके इंग्रजी, असा हा छेलछबिला तरुण. त्याची प्रेयसी रोसिंग मात्र पारंपरिक फिलिपिनो वेशात वावरते. अमेरिकेची नक्कल करणाऱ्या तरुण पिढीची ही टिंगल होती, परंतु तिच्यात विखार नव्हता. वाचक केन्कॉयला हसत आणि त्याच्यासारखे केसही वळवीत. केन्कॉयने ‘लिवायवाय’च्या भगिनी-साप्ताहिकांतून इतर प्रादेशिक भाषांतही संचार केला. महायुद्धानंतर, 1947 मध्ये, ‘पिलिपिनो कोमिक्स’ हे नियतकालिक निघाले, त्याचे संपादनही वेलास्केझ यांच्याकडेच आले.

प्रश्न : मागील टिपणातील फिलिपिनो चित्रकार लॅरी अल्काला यांच्या गर्दीच्या चित्रांचे वर्णन वाचून आम्हा गोवेकरांना मारिओ मिरांडा आठवले. ही तुलना योग्य ठरेल का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : योग्य ठरेल, आणि योगायोग असा की दोघांचाही जन्म 1926 सालचा. अल्काला आल्बाय प्रांतातल्या दारागाचे. सुमारे तीस वर्षे त्यांनी फिलिपिन्स विद्यापीठात कलेचे अध्यापन केले आणि त्याच वेळी चित्रपट्ट्यांचा रतीबही घातला. ‘कालाबोग एन बोस्यो’ ही बावळट गुप्तहेरांची जोडी आणि ‘मांग आम्बो’ हा साधाभोळा गावकरी ही त्यांची पात्रे अनेक वर्षे चालली. परंतु त्यांचे नाव घरोघरी पोहोचले ते 1980 च्या दशकात ‘वीकेंड’ साप्ताहिकात येणाऱ्या ‘स्लाइस ऑफ लाइफ’ या मोठ्या एकचित्री मालिकेमुळे.

या मालिकेतील चित्राला नायक नसतो आणि एक असा विनोदही नसतो. बाजार, जीपनीचा (तिथल्या प्रवासी जीपगाडीचा) थांबा, सणाची मिरवणूक किंवा समुद्रकिनारा असे एखादे ठिकाण घ्यायचे, ते किंचित उंचावरून पाहायचे आणि त्यात माणसे, कुत्री, कोंबड्या, फेरीवाले अशी दाटी करून प्रत्येकाला काही ना काही उद्योग लावून द्यायचा, ही त्यांची पद्धत. एका कोपऱ्यात भांडण जुंपलेले असते, त्याच्या शेजारी कोणी शांतपणे डुलकी काढत असतो आणि दोघांचाही एकमेकांशी काडीचा संबंध नसतो. वाचकाने डावीकडून सुरुवात करावी की मधूनच घुसावे, हे चित्रकार ठरवीत नाही. त्यातच अल्काला स्वतःचा चेहरा, म्हणजे चष्मा, मिशी आणि लांब कल्ले, कोठे तरी दडवून ठेवीत, आणि सबंध कुटुंब अंकात डोके खुपसून तो शोधत बसे. ‘व्हेअर इज वॉली’ हे गाजलेले इंग्रजी पुस्तक 1987 चे. अल्काला यांचा हा खेळ त्याच्या आधी सुरू झालेला होता. शोधता शोधता आपण प्रत्येक माणसाकडे एकदा तरी निरखून पाहतो, ही त्यातली खरी क्लृप्ती आहे.

मिरांडा यांच्याशी फरक रेषेत आहे. मिरांडा यांना इमारतीची कमान, बाल्कनीची जाळी, साडीवरची नक्षी यांचा मोह आवरत नाही, आणि त्यामुळे त्यांची गर्दी एखाद्या विणकामासारखी दिसते. अल्काला यांची रेषा त्यामानाने साधी, जवळजवळ घाईची आहे. त्यांचे सगळे लक्ष घटनेवर असते. दोन्ही प्रदेशांत चर्च, सण, बँड, मासळी आणि आगंतुक नातेवाईक यांची रेलचेल असल्याने विषय मात्र आश्चर्यकारक रीतीने जुळतात. चित्र म्हणून पाहायचे तर मी मिरांडांची बाजू घेईन. वाचायचे झाले तर अल्कालांची. 2018 मध्ये अल्काला यांना ‘राष्ट्रीय कलावंत’ हा फिलिपिन्सचा कलाक्षेत्रातील सर्वोच्च किताब मरणोत्तर देण्यात आला. त्यापूर्वी 2014 मध्ये ‘पेद्रो पेंदुको’चे जनक फ्रान्सिस्को कोचिंग यांना तो मिळाला होता, तोही मरणोत्तरच.

प्रश्न : ‘कोनान’ या चित्रकथेच्या अमेरिकन अंकांत शाईकाम (पेन्सिलच्या चित्रांवर शाई फिरवण्याचे काम) करणारे अल्काला हेच का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : नाही. ते आल्फ्रेडो अल्काला, नेग्रोस बेटावरील तालिसायचे. 1971 मध्ये अमेरिकेच्या डीसी या चित्रकथा-प्रकाशन कंपनीचे संपादक मनिलाला येऊन चित्रकार हेरून गेले आणि त्यानंतर आल्फ्रेडो अल्काला, नेस्टोर रेदोंदो, अलेक्स नीन्यो यांची चित्रे अमेरिकन अंकांत नियमित झळकू लागली. टोनी डीझुनिगा यांनी त्यांच्यासाठी वाट आधीच मोकळी केली होती. ‘जोना हेक्स’ या पात्राचे ते सहनिर्माते. पाश्चात्त्य रसिक फिलिपिनो चित्रकलेचे कौतुक करतात ते बहुधा या मंडळींच्या बारीक, दाट शाईकामाचे, आणि ते कौतुक सार्थच आहे. माझी तक्रार इतकीच की, परक्याच्या कथेला देखणे करणाऱ्यांची नावे जगाला माहीत आहेत आणि स्वतःच्या गल्लीवर विनोद करणाऱ्यांची नाहीत.

प्रश्न : फिलिपिन्सचे अध्यक्ष फर्डिनंड मार्कोस यांच्या हुकूमशाहीत हास्यचित्रकारांनी काय केले? (एक वाचक, सोलापूर)

उत्तर : सप्टेंबर 1972 मध्ये लष्करी कायदा पुकारला गेला आणि वृत्तपत्रांची मुस्कटदाबी झाली. या काळातील सर्वांत चतुर माणूस म्हणजे नोनॉय मार्सेलो. 1963 मध्ये त्यांनी ‘तिसॉय’ या पट्टीतून मनिलाच्या तरुणांची टपोरी बोली वर्तमानपत्रात आणली होती. पुढे त्यांनी इकाबोद नावाचा उंदीर उभा केला आणि त्याच्याभोवती उंदरांचे अख्खे राज्य वसवले, ज्यात रांगा, टंचाई, लाचखोरी आणि बड्यांची भाषणे हे सारे होते. उंदरांविषयी लिहिलेल्या मजकुराला देशद्रोह कसा ठरवणार? मार्सेलो यांची गोष्ट सरळ वीरगाथा मात्र नाही. मार्कोस यांच्या नावावर असलेल्या इतिहासग्रंथावर आधारित ‘तादहाना’ हा 1978 चा अ‍ॅनिमेशनपट त्यांनीच दिग्दर्शित केला होता. राजवटीचे काम करणे आणि तिला चिमटे काढणे या दोन्ही गोष्टी एकाच हाताने होत होत्या, आणि मला तरी त्यामुळे त्यांचा उंदीर अधिक विश्वासार्ह वाटतो. (आपल्या आर. के. लक्ष्मण यांना 1984 मध्ये मनिलाचा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तेव्हाही तेथे मार्कोसच सत्तेवर होते.)

सत्तांतरानंतर, 1988 मध्ये, ‘फिलिपिन डेली इन्क्वायरर’मध्ये पोल मेदिना यांची ‘पुगाद बाबॉय’ सुरू झाली. एका वस्तीतील झाडून सगळे रहिवासी लठ्ठ, आणि त्यांच्यातला शहाणा कोण, तर पोल्गास नावाचा बोलणारा कुत्रा! राजकारणी, पोलीस, वाहतूक, परदेशी नोकरीचे वेड यांपैकी काहीही या पट्टीच्या तावडीतून सुटले नाही.

प्रश्न : टागालॉग येत नसताना यांतील काय वाचता येईल? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मानिक्स आब्रेरा यांच्या ‘12’ या पुस्तकापासून सुरुवात करावी, कारण त्यातील गोष्टींत शब्दच नाहीत. शि. द. फडणीस यांच्या शब्दाविना हास्यचित्रांवर वाढलेल्या मराठी वाचकाला ते परके वाटणार नाही. जेरी अलांगिलान यांची ‘एल्मर’ मूळ इंग्रजीतच आहे. जगातल्या कोंबड्यांना एके दिवशी अचानक वाचा आणि बुद्धी फुटते, आणि त्यांना माणसाचे हक्क मिळाल्यानंतरच्या काळात एक कोंबडा आपल्या वडिलांची रोजनिशी वाचतो, असा तिचा विषय आहे. विनोदाच्या अपेक्षेने उघडलेले हे पुस्तक वर्णद्वेषावरची अत्यंत कठोर कादंबरी निघते. बजेट टॅन आणि काहो बाल्दिसिमो यांची ‘त्रेसे’ ही चित्रकथामालिकाही इंग्रजीत आहे, मनिलाच्या रात्रीत लोककथांतील भुतेखेते गुन्हेगारी करतात, ही कल्पना झकास, पण माझ्या मते पहिले काही भाग नंतरच्यांपेक्षा सरस आहेत.

‘दार्ना’ या अतिमानवी नायिकेची चित्रकथा पाहायची असेल, तर तिचे विडंबन आधी वाचण्याचा मोह टाळावा. मार्स राव्हेलो यांची ही नायिका 1950 मध्ये आली, चित्रे रेदोंदो यांची. नार्दा नावाची खेड्यातली पोर एक खडा गिळून ‘दार्ना’ हे नाव घेते आणि दार्ना होते. 2002 मध्ये कार्लो व्हर्गारा यांनी असाच खडा ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या एका समलिंगी पुरुषाला गिळायला लावला आणि त्यातून ‘झाझा झातुर्ना’ ही महाबलाढ्य नायिका जन्माला घातली. दार्नाची ओळख असल्याखेरीज यातली निम्मी गंमत हातून निसटते. ‘पुगाद बाबॉय’ मात्र टागालॉग आणि इंग्रजी यांच्या सरमिसळीवरच उभी असल्याने, एखादा फिलिपिनो सहकारी किंवा शेजारी असेल तर त्याच्यासोबतच वाचावी. आखाती देशांत नोकरी करणाऱ्या आपल्या वाचकांना तो शोधायला फार लांब जावे लागणार नाही.