युरोपची तिकिटं काढण्याआधी हे वाच

प्रिय पोरी,

तुझी शीट बघितली. 14 दिवसांत लंडन, पॅरिस, व्हिएन्ना, मिलान आणि वरून स्वित्झर्लंड, आणि कारण काय तर म्हणे ऑपेरा बघायचाय, चित्रकारांची गावं बघायचीत. अगं पण तू निघालीस ऑगस्टमध्ये, तेव्हा व्हिएन्नाचं स्टेट ऑपेरा बंद असतं आणि मिलानच्या ला स्कालालाही कुलूप! मग काय, बाहेरून बिल्डिंगचे फोटो काढून यायचं का? आपल्या डोक्यात उन्हाळा म्हणजे मे, तिथला उन्हाळा म्हणजे जुलै-ऑगस्ट, म्हणजे आपल्याकडे पंचगंगा पात्राबाहेर येते ते दिवस, आणि तेव्हा मोठी थिएटरं सुट्टीवर जातात नि सगळा कारभार उघड्यावरच्या फेस्टिव्हलांत सरकतो. तेव्हा आधी महिना ठरव, गावं नंतर.

मेमध्ये जमत असेल तर व्हिएन्ना खुशाल धर, सीझन चालू असतो. तिथं उभ्याचं तिकीट काढ, अगदी स्वस्त असतं. आत गेल्यावर जागेसमोरच्या कठड्याला स्कार्फ बांधून जागा धरायची तिथली जुनी पद्धत, आता कसं चालतं ते तिकीट काढतानाच बघून घे. फक्त बूट आरामाचे घाल.

पण माझं ऐकशील तर जुलैत जा आणि फक्त दक्षिण फ्रान्स कर, प्रोव्हान्स. तुला ऑपेरा, नाटक, चित्रकार तिन्ही पायजेत ना, ते तिथं दीडदोन तासांच्या अंतरात आहे आणि एकाच महिन्यात. एक्स-आं-प्रोव्हान्सला 1948 पासून ऑपेराचा फेस्टिव्हल भरतो, आविन्योंला झां व्हिलारनं 1947 मध्ये सुरू केलेला नाटकांचा. तिथलं मुख्य नाटक पोपच्या जुन्या राजवाड्याच्या अंगणात, उघड्यावर, आणि सुरू व्हायलाच रात्रीचे साडेनऊदहा होतात कारण तोवर उजेडच जात नाही. मिस्ट्राल नावाचा वारा सुटला तर जुलैतसुद्धा कुडकुडशील, शाल ने. नाटकं बहुतेक फ्रेंचमध्ये, इंग्रजी सरटायटल्स (रंगमंचावर वर दिसणारं भाषांतर) कुठल्या प्रयोगाला आहेत ते बघूनच तिकीट काढ. शिवाय ‘ऑफ’ म्हणून समांतर फेस्टिव्हल असतो, छोट्या छोट्या हॉलमध्ये हजारावर प्रयोग, नट मंडळी मेकअप करून रस्त्यात हँडबिलं वाटत हिंडतात. त्यातलं एखादं असंच उचल, फसलं तर फसलं. राहायचं मात्र महिनोन् महिने आधी बुक कर, जुलैत आविन्योंचे रेट बघून डोळे पांढरे होतील.

आता चित्रकार सेझान. एक्स-आं-प्रोव्हान्समध्ये टेकाडावर त्याचा स्टुडिओ आहे, 1902 मध्ये बांधून घेतलेला. आत गेलीस की कोपऱ्यात भिंतीला एक उंच, चिंचोळी फट दिसेल, मोठे कॅनव्हास दारातून निघायचे नाहीत म्हणून ठेवलेली. माझ्या मते त्या खोलीतली सगळ्यात बघण्यासारखी गोष्ट तीच. तिथून चढ चढून चालत गेलं की समोर सेंत-व्हिक्त्वार डोंगर दिसतो, तो त्यानं ऐंशीहून जास्त वेळा रंगवला. सकाळी एकदा जा, संध्याकाळी परत जा, डोंगर वेगळा दिसतो. वर चढायचा बेत असेल तर आदल्या दिवशी चौकशी कर, उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीनं वाटा बंद करतात. आणि जायच्या आधी आपल्या कोल्हापूरच्या चित्रकार आबालाल रहिमानांनी रंगवलेली रंकाळा, कोटीतीर्थ ही तळी बघ, एकच पाणी पुन्हा पुन्हा का रंगवावंसं वाटतं ते कोल्हापुरातच समजायला लागेल.

व्हॅन गॉगसाठी आर्लला जातेस तर जा, आविन्योंहून ट्रेननं वीसेक मिनिटं. पण त्याची चित्रं तिथं शोधू नकोस, ती अ‍ॅमस्टरडॅमला नि जगभर पांगलीत. आर्लमध्ये बघायचं ते ऊन.

फक्त ऑपेराच हवा असेल तर इटलीतलं व्हेरोना. रोमन काळातलं दगडी रिंगण, 1913 पासून तिथं ऑपेरा होतात, पहिला ‘आयदा’. आपलं खासबाग समज, कुस्तीच्या जागी गाणं. (शाहू महाराजांना खासबाग सुचलं ते रोमचं कलोसियम बघूनच, असं आपल्याकडे सांगतातच.) दगडी पायऱ्यांचं तिकीट सगळ्यात स्वस्त, पण दगड दिवसभर तापलेला असतो, उशी घे. पाऊस आला तर थांबतात, आणि एकदा सुरू होऊन मध्येच रद्द झाला तर पैसे परत नाहीत.

लंडन या खेपेला काट. प्रॉम्स हा संगीताचा फेस्टिव्हल आणि ग्लोब हे शेक्सपिअरचं थिएटर, दोन्ही उत्तम आहेत, दोन्हीकडे उभ्यानं स्वस्तात बघता येतं, पण ब्रिटनचा व्हिसा वेगळा, खर्च वेगळा. फ्रान्स-इटलीला एकच शेंगेन व्हिसा चालतो, सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळता मिळत नाही म्हणून आत्ताच साइट बघायला लाग.

आणि दिवसाला एकच मोठी गोष्ट ठेव. रात्री बारानंतर प्रयोग सुटणार आणि तू सकाळी सहाची ट्रेन लिहून ठेवलीस, ती कशी पकडणार सांग बरं? तिकिटं काढलेल्या ऑपेराची गोष्ट आधी वाचून घे, यूट्यूबवर एकदोन अंक ऐक. वाग्नर या जर्मन संगीतकाराचे ऑपेरा आत्ता नकोत, चारपाच तास बसवत नाही.

नवीन शीट रविवारपर्यंत पाठव, आईला खर्चाचं मी समजावतो.

तुझा,
काका